भोंगा अलीकडे, दोरी पलीकडे

चांगोदादाचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी आंघोळ करत होतो आणि दादा मला माझ्याच बनियनची हकीकत सांगत होता.

"ए विंग, तिसरा माला, नवीन पार्टी! तुमचा बनियन दोरीवरनं सुटला. बनियन गुलमोहरावर... नाय, गुलमोहर चुकवला! काय टायमिंग हाय! बनियन तल्याचे दिशेनं... आनि पान्यात! गेला, मंडली, बनियन सीमारेषेच्या बाहेर गेला!"

मी साबणासकट बाल्कनीत आलो. खाली तळं होतं, तळ्यात बनियन होता आणि काठावरच्या चिंचेला एक कर्णा बांधलेला होता. कर्ण्याखाली प्लास्टिकच्या खुर्चीवर एक काडीसारखा माणूस बसून माझ्याकडे बघत होता. "पार्टी भायेर आलीय," कर्णा म्हणाला. "टावेल हाय. कालजी नसावी."

अंबरनाथच्या बुवापाड्यातून मी इथं राहायला आलो तो शांततेसाठी. बिल्डरच्या रंगीत पत्रकात लिहिलं होतं, 'तळ्याकाठी निवांत जीवन, चिखलोली स्टेशन हाकेच्या अंतरावर.' स्टेशन अजून यायचं होतं. हाक मात्र येऊन बसली होती.

तर हा चांगोदादा. वजन म्हणाल तर भिजल्यावर सुद्धा एका हाताने उचलता येईल. गळ्यात बोटभर जाडीची सोन्याची साखळी. ती त्याने मिरवायला नव्हे, वारा सुटल्यावर जागेवर राहता यावं म्हणून घातली आहे, असं गावात बोललं जायचं. अंगात कुठल्या तरी जुन्या स्पर्धेचा टी-शर्ट, पाठीवर 'मालिकावीर'. दादाने जन्मात बॅट धरलेली नव्हती. पण त्या काडीतून जो आवाज निघायचा, त्याला देवाने माप लावलेलं नव्हतं. एकदा तो चिंचेखाली शिंकला आणि तिकडे अंबरनाथच्या एका कंपनीत पाळी सुटली असं समजून कामगार डबे धुवायला लागले. हे मला एका कामगारानेच सांगितलं. दुसरी शिंक येईपर्यंत तो घरी पोचलासुद्धा होता.

आमच्या इमारती उभ्या होत्या ती सगळी दादाच्या घरची भाताची खाचरं. जमीन विकली, पैसा घेतला, तळ्यापलीकडे टुमदार दुमजली घर बांधलं. पण नकाशा त्याच्या डोक्यात जुनाच. नवीन बिऱ्हाड आलं की तो प्रेमाने चौकशी करायचा, "कनचा फ्लॅट? एकशे तीन? अरे वा! तुमचे बेडरूममदी आमची म्हैस बांधलेली असायची. लय शांत म्हैस. झोप चांगली लागंल तुमाला."

कर्णा आणि माईक उल्हासनगरच्या बाजारातून आणलेले. माईकचं बटण बंद होत नसे. दादा तक्रार घेऊन परत गेला, तर सिंधी दुकानदाराने त्याला समोर बसवून चहा पाजला आणि म्हणाला, "साईं, चालू है ना? चालू चीज को बंद क्यों करना है, बाबा?" दादाला हे इतकं पटलं की त्याने पुन्हा ते बटण शोधलंसुद्धा नाही. प्लग काढेपर्यंत दादा जे बोले, खाई, खोके, पुटपुटे, ते सगळं तळ्याला ऐकू जाई. सकाळी तो चहाचा पहिला घोट घेई तेव्हा चारही विंगांतले लोक एकदम गॅस पेटवत.

तळ्याचं वर्ष दादाच्या तोंडून सुरू होई आणि तिथंच संपे. भाद्रपदात विसर्जनाच्या रांगा तो लावे. "सी विंगचा बाप्पा मागं घ्या, घाई नको, बाप्पाला काय ड्युटीवर जायचं हाय का? ओ ताई, फोटो बाजूला काढा, बाप्पाचे डोल्यात फ्लॅश मारू नका!" थंडीत लांबून पाखरं यायची. दादाला त्यांची नावं ठाऊक नव्हती, त्याने स्वतःच ठेवलेली. लांब पायांचा तो 'इन्स्पेक्टर', पाण्याखाली बुडी मारून भलतीकडेच निघणारा तो 'बिल्डर'. थंडीतच एखाद्या संध्याकाळी काठावर पोपटी लागे. मडक्यात वालाच्या शेंगा, अंडी, भांबुर्ड्याचा पाला. मडकं उपडं, भोवती जाळ. मडकं उघडण्याचंही दादा धावतं वर्णन करी. "वाफ आलीय... सुगंध आलाय... आनि बी विंगचे जोशीकाका चमचा घेऊन आलेत! काका, हाताने खायाचं असतं, चमचा लांब ठेवा!"

आणि रोज संध्याकाळी, काहीही चाललेलं असो, सामना असो, विसर्जन असो, कुणाचं भाषण असो, दादा एकदम थांबे, तळ्यापलीकडे तोंड करी आणि विचारी, "हिरे, आज काय?"

पलीकडे त्याच्या घराच्या गच्चीवर हिराकाकू येत. गच्चीवर आडवी दोरी होती, दोरीखाली कपड्यांची ट्रंक. काकू दोरीवर कधी लाल लुगडं टाकत, कधी हिरवं. लाल म्हणजे मटण. हिरवं म्हणजे भाजी. पांढरा पंचा म्हणजे आज उपास आहे, विसरलात वाटतं. आणि काळी शाल म्हणजे मी रागावलेय, काय खायचं ते बाहेर खाऊन या. शाल दिसली की दादा माईकवरच पडल्या आवाजात विचारी, "मी काय केला आता?" आणि तळ्याभोवतीच्या सगळ्या नवऱ्यांना त्याच्याबद्दल कणव वाटे.

ही भाषा आम्हा सगळ्यांना पाठ झाली होती. लाल लुगडं पडलं की ए विंगमध्ये मुलं मटणासाठी हटून बसत. खरवईचा मटणवाला म्हणे रोज संध्याकाळी स्कूटरवरून दोरी बघून जाई आणि मगच बकऱ्याकडे बघे. बकरेही म्हणे गच्चीकडेच तोंड करून उभे राहत. हे मात्र मी बघितलेलं नाही, उगाच खोटं कशाला सांगा.

मी एका पोपटीला दादाला विचारलं, "दादा, घरी गेल्यावर विचारलं तर नाही का चालणार?"

दादा शेंग सोलता सोलता लाजला. हा माणूस लाजू शकतो हे मला तेव्हा कळलं. म्हणाला, "घरी आमी बोलत नाय."

"भांडण?"

"ह्या! भांडायला बोलायला लागतं. अरे, लगीन झाला तवा घरात म्हातारा, म्हातारी, चार भाव, त्यांच्या बायका. तेवढ्या मानसांत बायकोशी बोलायचा म्हंजे काय? लाज वाटायची. मग मी होडी घेऊन तल्याच्या मदी जायचो आनि तिथनं वरडायचो, काय रांधलं? सुनेनं मोठ्यानं वरडायचं नाय, म्हनून ती दोरीवर लुगडं टाकायची. तवापासून असंच."

"पण आता घरात तुम्ही दोघंच ना?"

"हो ना," दादा म्हणाला. "तीच तर पंचाईत. समोर आली का मना काय सुचतच नाय. मदी तलं लागतं."

हे सगळं माईकवर चाललेलं. पलीकडे गच्चीवरचा दिवा पटकन विझला.

आता आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी सोनटक्केसाहेब. सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले. माणूस सज्जन, पण मोबाइलमध्ये आवाज मोजायचं यंत्र घेऊन फिरायचे. दादा बोलायला लागला की त्यातला काटा असा काही पलटायचा की फोन गरम होऊन खिशाला चटका बसे. त्यांनी भोंग्याविरुद्ध तक्रारीचा अर्ज तयार केला. द्यायला निघणार, त्याच आठवड्यात सोसायटीने हौसेने पायडल मारायच्या बोटी आणल्या, हंसाच्या आकाराच्या. उद्घाटनाला पहिल्या हंसात सोनटक्केसाहेब आणि सोनटक्केवहिनी.

हंस मधोमध जाऊन जलपर्णीत अडकला. साहेब पुढे पायडल मारत होते, वहिनी मागे मारत होत्या, आणि हंस जागच्या जागी गिरक्या घेत होता. काठावर आम्ही सगळे हताश. तेवढ्यात कर्णा बोलला.

"नमस्कार मंडली! हंस अडचनीत हाय. साहेब, पाय थांबवा. वहिनी, तुमी मारा. उजवा... डावा... वा, काय लय हाय! साहेब, तुमी मदीच कशाला मारताय? वहिनींना खेलू द्या! साहेब, तोंड बंद, पाय पन बंद! वहिनी, अजून दोन... आनि हंस मोकला! सामनावीर, सोनटक्केवहिनी!"

वहिनी काठावर उतरल्या त्या सत्कारालाच. साहेबांनी अर्ज मागे घेतला असं तुम्हाला वाटलं असेल. छे. त्यांनी त्यात एक कलम वाढवलं: 'सदर इसमाचे माझी पत्नी ऐकते, माझे ऐकत नाही.' पण तो अर्ज गेला कुठेच नाही. तो नव्याने टाइप करायचं काम वहिनींकडे होतं.

आणि मग एका चैत्रात आवाजच बसला. आधी घोगरा झाला, मग फाटका, मग दादा 'सीमारेषा' म्हणायला गेला की कोंबडा पिंजऱ्यात अडकल्यासारखा ध्वनी यायचा. बदलापूरच्या डॉक्टरांनी घशात नळी घालून बघितलं. स्वरयंत्रावर गाठ होती. साधीच निघाली, काढूनही टाकली. पण डॉक्टरांनी बजावलं, "महिनाभर एक अक्षर नाही. कुजबुजायचंसुद्धा नाही. बोललात, तर हा आवाज कायमचा विसरा."

आणि महिना कुठला? मेचा! म्हणजे तळं आटायचा. मधोमध एक डबकं उरतं, बाकी सगळं तळ कडक पडतं आणि त्यावर आमची स्पर्धा होते. शेवटी गाव विरुद्ध इमारती असा अंतिम सामना. जो जिंकेल त्याचा गणपती त्या वर्षी पाण्यात पहिला. चेंडू डबक्यात गेला तर दोन धावा. डबक्यात पाय ठेवून घेतलेला झेल बाद धरायचा नाही, हा तळ्याचा कायदा. दादाने आजवर एकही अंतिम सामना चुकवला नव्हता. तटस्थपणे बोलायचा म्हणाल तर गावाचा फलंदाज पायचीत झाला की दादा म्हणे, "चेंडू लेगला चाललाय, पंचांना चष्मा लागलाय," आणि पंच निमूट बोट खाली घेई.

आता तोच दादा चिंचेखाली तोंड मिटून बसू लागला. प्लग काढलेला. तळ्यावर अशी शांतता पसरली की लोकांना स्वतःच्या घरातली भांडणं ऐकू यायला लागली. सोनटक्केसाहेबांना झोप लागेना. म्हणाले, "फारच शांत आहे हो. काहीतरी बिघडलंय असं वाटतं." पण खरी कळा गेली ती पलीकडच्या गच्चीची. संध्याकाळी काकू येत, कपडे हातात घेऊन उभ्या राहत आणि तशाच परत जात. कुणी विचारलेलंच नाही तर सांगायचं काय? दोरी मोकळी. दादा त्या मोकळ्या दोरीकडे बघत बसे. खाटकाचे बकरे धष्टपुष्ट झाले आणि दादा होता त्याहूनही बारीक झाला, म्हणजे आता फक्त साखळीच खुर्चीवर बसलेली दिसे.

अंतिम सामन्याला माईक सोनटक्केसाहेबांनी घेतला. दुसरं कोणी तयारच होईना. साहेब शुद्ध बोलत. "फलंदाजाने चेंडू नैर्ऋत्य दिशेस मार्गस्थ केला आहे. क्षेत्ररक्षक त्याचा पाठपुरावा करीत आहेत." प्रेक्षकांत दोघे झोपले. एक क्षेत्ररक्षकही झोपला असं मला आजही वाटतं. दादा शेजारी बसून मुठी आवळत होता, सोडत होता.

सामना शेवटच्या चेंडूवर आला. गावाला हव्या होत्या चार धावा आणि बॅट दादाच्या पुतण्याच्या हातात, बंट्याच्या. साहेब म्हणाले, "परिस्थिती उत्कंठावर्धक आहे, तथापि..."

त्या 'तथापि'ला दादा उठला. माईक साहेबांच्या हातातून ओढून घेतला, तोंडाशी नेला आणि भलामोठा श्वास आत घेतला.

"दादा, नको!" अर्धं तळं ओरडलं.

"दादा, बोला!" उरलेलं अर्धं ओरडलं.

दादा श्वास धरून उभा. बोललं तर आवाज जाणार. नाही बोललं तर हा चेंडू मुका पडणार. त्याचे डोळे एकदा बंट्याकडे, एकदा पलीकडे. पलीकडे गच्चीवर काकू नव्हत्या. काकू जिना उतरून तळ्यात आल्या होत्या.

पदर खोचून, अनवाणी, मधल्या भेगांवरून त्या सरळ खेळपट्टीतूनच आल्या. गोलंदाज धावत निघालेला, तो घसरत थांबला. पंचाने हात आडवे केले. बंट्याने "काकू, मॅच चालू हाय!" म्हटलं, तर त्याला काकूंनी बॅटीसकट बाजूला सारलं. तेवढं तळं पार करायला माणसाला वेळ लागतो. तेवढा सगळा वेळ दादाचा तो एकच श्वास आत होता. चेहरा वांग्यासारखा झाला होता.

काकू समोर येऊन उभ्या राहिल्या. मध्ये तळं नव्हतं. त्यांनी दादाच्या हातून माईक काढून घेतला आणि बोलल्या. त्यांचा आवाज त्या दिवसापर्यंत आमच्यापैकी कुणीही ऐकलेला नव्हता.

"गप. सोडा तो श्वास. घरी जा."

दादाने श्वास सोडला. चिंचेची पानं हलली.

"एका चेंडूसाठी तोंड उघडताय," काकू म्हणाल्या. बटण चालूच होतं, शब्दन् शब्द कर्ण्यातून फिरत होता. "उद्या हा आवाज गेला, तर मना कोन इचारल, हिरे आज काय म्हनून? जा घरी. इकरं मी बगते."

सोनटक्केवहिनींनी डोळ्यांना पदर लावला. दादा वळला आणि आज्ञाधारक मुलासारखा खेळपट्टीतूनच घराकडे चालू लागला. पुन्हा सगळे थांबले. तो पलीकडच्या काठावर चढल्यावर काकूंनी गोलंदाजाला सांगितलं, "हां, टाक आता."

बंट्याने असा फटका मारला की चेंडू ढगात जाऊन थोडा ओला होऊन आला. खाली डबक्याच्या कडेला इमारतींचा पोरगा हात पसरून उभा. झेल घेतला. पंच गावचा. तो डबक्याकडे बघे, पोराच्या पायाकडे बघे, आणि ठरवेना.

"पाय सुका हाय," काकू म्हणाल्या. "बंट्या आउट. मी बगला."

"काकू! आपलीच मानसं ना तुमी?" बंट्या बॅट आपटत ओरडला.

"वरडू नको. आवशीला सांगन तुझ्या."

संपलं. गाव हरलं. तळ्याच्या इतिहासात पहिल्यांदा माईकवरून खरा निकाल दिला गेला होता, आणि सोनटक्केसाहेबांनी कर्ण्याखाली उभं राहून टाळ्या वाजवल्या. मोबाइल त्यांनी खिशातून काढलासुद्धा नाही.

दादाचा आवाज पुढे परत आला, जरासा बसका, असं ऐकतो. मी त्याच पावसाळ्यात उल्हासनगरला राहायला गेलो. तिथं भोंगे पुष्कळ आहेत, पण माझ्या बनियनची दखल कोणी घेत नाही. त्यामुळे माझ्यापुरता दादा त्या संध्याकाळच्या गच्चीवरच उभा आहे.

कारण सामना संपला तरी काकूंनी माईक ठेवला नव्हता. त्या तळ्यापलीकडे तोंड करून उभ्या होत्या. सगळं गाव, सगळ्या इमारती, पंच, बंट्या, सगळे त्यांच्यामागे वळले.

"अवो," काकू जरा लाजून म्हणाल्या, "काय खाशाल आज?"

लांब गच्चीवर ती काडी हलली. खाली वाकली, ट्रंकेत बराच वेळ काहीतरी उलथापालथ झाली. मग दादाने दोन्ही हातांनी झटकून दोरीवर टाकली ती काळी शाल.

सगळं तळं फुटलं हसून. पुतण्याला बाद दिल्याचा राग होता तो. काकू मात्र हसल्या नाहीत. माईक धरून, मान वाकडी करून बघत राहिल्या.

दादाने शाल सारखी केली. तिच्या कडा जुळवल्या. मग पुन्हा वाकला, आणि शालीच्या शेजारी, जागा करून, लाल लुगडं टाकलं.

काकूंनी तोंडाला पदर लावला. पण माईक त्या पदराच्या आतच राहिला होता, आणि बटण तर बंद होतच नसे. त्या हसल्या ते सगळ्या तळ्याने ऐकलं.